पाठीचं माप

चाळीस वर्षं गांधीबागेत बसून
मी माणसांच्या पाठी मोजल्या.
खांदा साडेसतरा, छाती बेचाळीस,
कुणाचा उजवा खांदा अर्धा इंच खाली,
हे मी टेप न लावता सांगतो.

कौतिकाची पाठ नऊ रात्री दुखत होती.
दोन्ही खवाट्यांच्या मधोमध,
ब्लाउजचा गळा मागून जिथे थांबतो तिथे.
"कूलरची हवा लागली असन जी," ती म्हणाली,
"अन् बादल्या उचलल्या ना टाकीत ओतायले."
मे महिना. पारा पंचेचाळीसवर.
दोघांनाही पटलं.
मी बाम चोळत राहिलो, अंगठ्यानं, गोल गोल.
जबडा आखडायचा, तर म्हटलं दाढ असेल.
जिन्यावर धाप, तर म्हटलं वय.
आणि घाम?
नागपुरात मे महिन्यात
घामाला कोण विचारतं!

दहाव्या सकाळी तिनं तर्रीपोहे नको म्हटलं.
अशी बाई मी ओळखत नव्हतो.
ऑटो थांबवला, मेडिकलला नेलं.

मशीनमधून कागदाची पट्टी सरकत आली,
गुलाबी चौकडा, वर काळा धागा,
टाके नवशिक्याच्या हातचे, वरखाली.
मेश्राम मॅडम, माझ्या धाकटीपेक्षा लहान,
म्हणाल्या, काका, हृदय कधी छातीत न दुखता
पाठीत दुखतं, बायकांचं तर बरेचदा.
कुठे नळी तुंबते, कुठे भोवतीचं आवरण सुजतं,
कुठे मोठी रक्तवाहिनी आतून फाटते.
कधी नुसता स्नायूच असतो.
घरी बसून कळत नाही.

मी ते माझ्या भाषेत ऐकत होतो:
दोरा अडकला, अस्तर फुगलं,
शिवण आतून उसवली,
किंवा काहीच नाही, इस्त्री फिरवली की झालं.
चार कापडं, वरून सारखीच.

"किती दिवसांपासून?"
नऊ हा आकडा,
जो मी रोज वहीत लिहितो,
तोंडातून निघेना.

नळी तुंबली होती. उघडली.
कौतिका घरी आहे,
भाजीत मीठ नाही म्हणून माझ्यावर चिडते.
कूलरची टाकी आता मी भरतो.

फक्त रात्री अंगठा झोपत नाही.
नऊ रात्री त्याच्या खाली,
चार बोटं आत,
कुणी मागचं दार वाजवत होतं,
आणि मी ते दार
चोळून चोळून
चकचकीत करत बसलो होतो.