सदतीस नंबर

परदेश आमच्यापासून साडेचार कोसांवर होता.
मध्ये एक ओढा,
ओढ्याच्या अलीकडं लिंबाखाली करोडगिरीचा नाका.
पलीकडं कळदार रुपया, बार्शीची पेठ, इंग्रजाचं राज्य.
अलीकडं हाली शिक्का, आणि आम्ही.

वडील कासार. परंड्यात भांड्यांचे पोचे काढायचे
आणि परवानेवाल्यांची काडतुसं भरून द्यायचे.
पितळी नळकांडी तीच, पुन्हा पुन्हा,
फाकलेली तोंडं ठोकून गोल केलेली, केप नवी.
दारू मोजायला हिंगाच्या डबीचं झाकण.
मग घोंगडीची चकती, मग छर्रे,
वरून पुठ्ठ्याचं बूच,
त्यात माझ्या अंकलिपीचं वेष्टण संपलं.
बुडाशी खिळ्यानं आकडा कोरलेला, एक ते पन्नास.
असलं काडतूस दुनियेत कुठल्या कंपनीचं नव्हतं.
नाक्यावर अडलं ते तिथंच.

अंबादासराव वकिलांना पलीकडच्या मामलेदारानं
शिकारीला बोलावलं होतं.
पेटी माझ्या डोक्यावर. मी अकरा वर्षांचा.

बशारत हुसेन अमिनांच्या चष्म्याला एका बाजूनं दोरा होता.
त्यांनी पेटी उघडली, एक काडतूस कानाशी हलवलं,
दरपुस्तक उघडलं.
पुस्तकात काडतूस होतं : विलायती, डबाबंद, शेकड्यावर.
हे ना विलायती, ना डबाबंद.
पितळ धरावं तर भांड्यांच्या पानावर जातं,
शिसं धरावं तर शेरावर.
आणि दारू म्हटलं, तर बाकावरला आबकारीचा शिपाई जागा झाला.
वकील कलमं सांगत होते.
अमीन पानं उलटत होते, उजवीकडून.

शेवटी म्हणाले, “पच्चास जाते, पच्चास आना.
भरे आव, खाली आव, पीतल हमारा है.
किसकू लगी, वो हमना नक्को.”
आणि तसं लिहून घेतलं. सही, शिक्का, दोन आणे हाली.
तितर कुठल्या राज्यात उडाला आणि कुठल्या राज्यात पडला
याला कागदावर रकाना नव्हता.

तीन दिवस पलीकडं.
पलीकडचं कुसळी गवत आमच्यासारखंच.
तिसऱ्या दिवशी तणमोर दिसला.
गवतातून सरळ वर उडी, पंख फडफड, पुन्हा गवतात.
पुन्हा वर.
जणू कुणीतरी खालून त्याला झेलत होतं.
वकिलांनी बंदूक मोडली, न बघता मागं हात केला.
माझ्या हातात सदतीस नंबर.
मी म्हणालो, संपली.

परतताना अमिनांनी चटईवर नळकांडी मांडली,
दहा दहाच्या ओळी, शेवटची एकानं तोकडी.
मग आकडे लावले.
“सैंतीस?”
वकील माझ्याकडं बघेनात, आभाळाकडं बघू लागले.
माझ्या चड्डीचा खिसा एका अंगाला ओघळला होता.
अमिनांनी खिसा पाहिला. चष्मा काढला,
दोरा नीट केला, चष्मा लावला,
मला पाहिलं.
मग कागदावर लिहिलं, आणि मोठ्यानं वाचलं :
ओढ्याला पूर होता, एक अदद वाहून गेलं.

त्या साली श्रावण कोरडा गेला होता.
ओढ्यात आमच्याच पावलांचा फुफाटा अजून बसला नव्हता.
वकिलांनी चार आणे दंड भरला,
माझ्या मजुरीतून कापला,
आणि वडिलांना एक शब्द सांगितला नाही.

पुढं ॲक्शन झालं. नाका उठला.
दरपुस्तकाच्या पुड्या झाल्या म्हणतात.
अमीन कर्नाटकात गेले, कुणी म्हणतं पाकिस्तानात,
कुणी म्हणतं तिथंच, लिंबापलीकडं मातीत.
मी विचारलं नाही. माझ्या खिशाची आठवण
कुणाला करून द्यायची?

काडतूस आहे माझ्याकडं. परवाना नाही.
दारू एव्हाना मेली असेल, पण भरवसा काय,
वडिलांनी भरलेलं आहे.

बार्शीला जातो अजून, डोळ्यांच्या दवाखान्यात.
ओढ्यावर पूल झालाय, बसला पुरता मिनिटही लागत नाही.
लिंब आला की
माझा हात खिशावर जातो.
शेजारचा म्हणतो, काका, पाकीट सांभाळा, बरं केलंत.