पिठाचा ठिपका

लामारा म्हणाली, आधी हाडं.
मांस नंतर. कातडी सगळ्यात शेवटी,
तीही वेळ उरला तर.
तीस वर्षं तिने मेडिकल कॉलेजात
मुडदे उकलून पोरांना शिकवलं,
आता पेन्शनीत मला पडद्यावर शिकवते.
हाडाची शिक्षिका, दुसरा शब्द नाही.

तिबिलिसीत, चुगुरेतीच्या उतारावर, तिसऱ्या मजल्यावर
रात्री अकरानंतर मी एक राखाडी गोळा उघडते.
लॅपटॉपचा पंखा घरघरतो.
पेनाने ओढलं की गोळ्याला मान फुटते,
दाबलं की डोळ्यांच्या खोबणी.
मातीचा वास नाही, नखात काही अडकत नाही,
चुकलं तर दोन बोटांत
झालेलं न झालेलं होतं.
एका गुडघ्यासाठी मी एकशे ऐंशी वेळा मागे गेले.

मार्चभर बरगड्या.
एप्रिलात खवाटा, आणि तिथेच अडले.
हासळीच्या टोकाला काय तो टेकलेला,
बाकी सगळा मांसाच्या भरवशावर,
घसरणारी पण न पडणारी तिकोनी पाटी.
माझा मात्र खिळा ठोकल्यासारखा.
माणसाने हात वर केला
की हात उसना आणल्यासारखा दिसायचा.

आरशाचं बटण कायम चालू असायचं.
डावीकडे केलं की उजवीकडे आपोआप,
अर्ध्या मेहनतीत अख्खा माणूस.
लामारा म्हणायची, छान आहे.
पण हा कुणाचा कोण?

खाली तळघरात वाझाची भट्टी.
इतकी वर्षं शोती घेताना
मी फक्त त्याचे हात पाहिले होते.
जूनमध्ये तो नुसत्या बनियनवर होता.
मातीची विहीर असावी तशी ती भट्टी;
तो तळव्यावर कणकेची होडी घेतो
आणि कंबरेपासून आत बुडी मारतो.
पाय जमिनीवरून सुटतात.
डावा हात काठाला, उजवा धगीत.
थप्प.
आणि वर.

तेवढ्यात उजवा खवाटा
बरगड्यांवरून सरकत पार काखेपर्यंत गेला,
त्याच्याखालून करवतीचे दाते उठले, विरले.
डावा तिथेच बसून,
काठ धरून धरून जाड झालेला.

मी म्हटलं, पुन्हा.
किती हव्यात?
सात म्हटलं.
घरात मी एकटीच.

वर येऊन आरसा बंद केला.
डाव्या खांद्याला पेन लावलं
आणि उजवा हललाच नाही,
तेव्हा उगाच पोटात गोळा आला.
मग तीन आठवडे:
उजवा खांदा बोटभर खाली,
कणा जरासा कललेला, जणू कुणी हाक मारतंय,
कोपराखाली केस जळालेली जागा.
ती कातडीची गोष्ट, म्हणून ठेवून दिली.

लॅपटॉप खाली नेला.
वाझाने हात झटकले, चष्मा शोधला, सापडला नाही.
नाक पडद्याला लागेपर्यंत वाकला.
स्वतःची पाठ कुणाला पाठ असते?
बऱ्याच वेळाने म्हणाला,
हा माझा बाप.

मग एक बोट टेकवलं,
खवाटा आणि कणा यांच्या मध्ये.
इथे तू काहीच केलेलं नाहीस, तेकले.
इथे रात्री खुपतं.

लामाराला फोन करून विचारलं, तिथे काय असतं?
तिने एक लॅटिन नाव सांगितलं.
मग जरा थांबली. म्हणाली,
ते मी नेहमी कापून बाजूला सारायचे गं,
खालचं दिसावं म्हणून.

पडद्यावर पिठाचा ठिपका तसाच आहे.
मी वाझाला फिरवते, ठिपका जागचा हलत नाही.
कधी तो त्याच्या कपाळावर येतो,
कधी गुडघ्यावर, कधी नुसता हवेत.
मी फिरवत राहते,
पाठ पुन्हा त्याच्याखाली येईपर्यंत.