अर्धं चहाला, अर्धं माश्यांना

रापोलसने कुंपणावरून टाकलं ते गठुळं,
जुन्या वर्तमानपत्रात, मुळांना ओली रेती.
बोलला नाही. आम्ही बोलत नव्हतोच.
त्याच्या माश्यांनी माझी शेळी डसून मारली
त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती.

पान चुरगळलं. लिंबू!
द्झूकियाच्या ह्या रेतीत लिंबू कुठलं,
इथे पाइन आणि बटाटे.
मेलिसा आहे, बहीण म्हणाली.
एकदा लाव, मग जन्मभर उपटत बस.

पहिल्या साली वीतभर, रुसल्यासारखी.
नोव्हेंबरात काळी पडली. मी म्हटलं, गेली.
बर्फ वितळून चिखल झाला
तर सुरकुतलेली, हिरवी, मुठीएवढी
वर.
तिसऱ्या साली वाटेवर, विहिरीपाशी,
बटाट्याच्या सरीत, पायपुसण्याखाली.

फुलायच्या आधी कापावी, तेव्हा वास पानात असतो.
फुलू दिली की चहा पेंढ्यासारखा.
पण फूल, तांदळाच्या कणीएवढं, पांढरं,
आणि त्यावर कुंपणापलीकडच्या माश्या.
म्हणून अर्धं चहाला, अर्धं माश्यांना.
दुपारी तो कुंपणाशी उभा राही,
बघे त्या न कापलेल्या अर्ध्याकडे.
माझ्याकडे नाही.

फेब्रुवारीत वारला.
आमच्या भाषेत गाय, कुत्रं, कोंबडी मरते
त्याला एक शब्द, माणसाला दुसरा,
आणि मधमाशीला माणसाचाच.
पेट्यांना सांगायला त्याचं कुणी नव्हतं. मी गेले,
गुडघाभर बर्फातून.
प्रत्येक पेटीवर तीन टकटक: धनी वारला.
आतून बारीक गुणगुण.
शेळीचंही तेवढं बोलून घेतलं.
नसतं बोलले तर बरं.

माझ्या नवऱ्याची पेटी चौदा वर्षं कोरडी.
तिच्या आत मेलिसा घासली मी
तळवे हिरवे होईस्तोवर. उगाच.
जूनच्या शेवटी मोहोळ उठलं पलीकडे,
सफरचंदाच्या झाडाला एक वळसा,
आणि आत.

ज्याचं मोहोळ आपल्या पेटीत येतं
तो आपला बिचुलिस. सोयराच म्हणा.
त्याच्याशी भांडता येत नाही मग,
आणि मोहोळाचे पैसे
ना देता येतात, ना मागता.

जुलैत पुतण्या आला विल्निअसहून, पेट्या विकायला.
एक मोहोळ तुमच्याकडे आलंय म्हणे. किती देता?
मी म्हटलं, बस. चहा घे.

एक घोट घेऊन तो म्हणाला, पेंढ्यासारखा लागतो.

लागणारच.
यंदा कापलीच नव्हती.