वाव

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत, माझं लेथ.
त्याच्यावर डबा काढला ॲल्युमिनियमचा,
तीन इंच व्यास, नऊ इंच उंच,
झाकणाला आटे, आट्यांखाली खाच,
खाचेत रबरी रिंग.
पाणी शिरता कामा नये, केतकी म्हणाली.
पठारावर पाऊस आडवा येतो.

आत काय ठेवायचं ते पोरीनं ठरवलेलं:
एक वही, शिसपेन्सिल,
एका यानाचं चित्र आणि एका जहाजाचं.
दोघांचं नाव एकच, चॅलेंजर.
जहाज शिडाचं, दीडशे वर्षांमागचं.
यानाला त्याचं नाव दिलेलं,
आपल्यात नातवाला आजोबाचं देतात तसं.

शोधणार कोण?
ज्याला शोधायचाय तो, म्हणाली.
फोनवर अक्षांश-रेखांश घालायचे नि चालत सुटायचं.
सापडला की वहीत सही,
आणि डबा होता तिथंच परत.
एवढी तंगडतोड करून न्यायचं काहीच नाही?
हे मी मनात म्हणालो.

इलियास बागवान नौदलातनं रिटायर झालेला,
आता कपिलतीर्थात पेरू विकतो.
तो म्हणाला, त्या जहाजानं काय केलं म्हाइताय?
दोर सोडला. नुसता दोर.
टोकाला वजन बांधलं नि मोजत बसले.
एका जागी भरला
चार हजार चारशे पंच्याहत्तर वाव.

वाव म्हणजे? केतकीनं विचारलं.
इलियासनं दोन्ही हात पसरले,
एका हातात तराजू तसाच लोंबत.
ह्या बोटापासनं त्या बोटापर्यंत.
गिऱ्हाईक थांबलेलं, पेरू घरंगळलेले,
आणि हा उभा, कुणाला तरी कवेत घ्यायला निघाल्यासारखा.
मी मनात मोजायला लागलो,
असे हात, एकाखाली एक,
उजेड संपतो त्याच्याही खाली.

यानाचं केतकीनं सांगितलं.
आधी नऊ वेळा जाऊन आलेलं.
दहाव्या वेळी त्र्याहत्तर सेकंद.
सात माणसं.
रात्रभर कडाक्याची थंडी पडलेली
आणि एका जोडात रबराची रिंग होती, बाबा,
ती आखडली.

मी झाकण हातात घेऊन बसलो.

चाळीस वर्षं रिंगा बसवतोय.
पंपाच्या, व्हॉल्व्हच्या, साखर कारखान्याच्या.
पौषात दुकान उघडलं की
आधी रिंग अंगठ्यानं दाबून बघायची,
दबून लगेच वर आली तर बसवायची,
नाही तर चहा सांगायचा, ऊन येऊ द्यायचं.
तिथंही कुणीतरी दाबून बघितली असणार.
कुणीतरी म्हणालं असणार, आज नको.
त्याला मी ओळखत नाही,
पण त्याचा अंगठा ओळखतो.

डबा मसाई पठारावर ठेवला,
जांभ्याच्या कपारीत, वर एक चपटा दगड.
दोन्ही अंगांना दरी धुक्यात बुडालेली,
खालनं कुठल्यातरी गावातल्या एसटीचा हॉर्न.
इलियास म्हणाला, डेक हाय हा,
आणि पाय फाकवून उभा राहिला,
जमीन हलेल म्हणून.

तीन वर्षांत अकरा सह्या.
पुण्याची दोन पोरं, एक डॉक्टरीण,
एकानं तारखेखाली नुसतं 'दमलो' लिहिलंय.
एका पानावर अंगठा उमटलाय, मातीचा.
धनगराचा असावा.
त्याच्याकडं कुठले आकडे,
शेळी कपारीत तोंड घालायला गेली असेल.

दर जानेवारीच्या शेवटी मी रिंग बदलायला जातो.
बायको म्हणते, घरातला कुकर सहा महिने शिट्टी देईना
आणि हे डोंगरावर निघाले.
खरं आहे तिचं.
यंदा इलियासचे गुडघे येऊ देईनात,
त्यानं दोन पेरू दिले वाटेला.

पन्हाळ्याच्या पहिल्या गाडीत खिडकी बसत नव्हती,
वारं सुरीसारखं.
नवी रिंग शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली,
अंगाला लागून,
आणि वरनं हात धरून बसलो.