मोजणी

स्वारगेटहून सकाळची एसटी, भोरला चहा,
मग जीपच्या मागच्या बाकावर गुडघ्याला गुडघे.
वसुधावहिनींच्या दशम्या
पोचायच्या आधीच संपल्या.

उद्यानाच्या दारात सिमेंटचं हरीण,
एक कान मोडलेला, आतली तार दिसते.
माणशी वीस, पोरांना दहा.
हिरड्याखाली कुठलीशी शाळा जेवायला बसलीय
आणि वानरं, अगदी सभ्यपणे,
वाट बघतायत.

गुहा तिथून दहा मिनिटं वर. करवंदीच्या जाळीआड
डोंगरानं जांभई दिली
आणि मिटायची राहून गेली,
असं तोंड.

कोंडीबा मरळ, अंगात वनखात्याची खाकी,
खांद्याखांद्याला बोट लावत मोजतो.
"नऊ आत."
वहीत लिहितो. पेन दोऱ्यानं वहीला बांधलेलं.

आत आधी वास येतो: ओला, आंबूस,
तळाला गेलेल्या कणगीसारखा. वटवाघळांचा.
मग गारवा, घोट्यांपासून वर चढत.
छतातून एक थेंब. किती वेळानं दुसरा.
"ही कुणी कोरली?" ईशान विचारतो.
पाताळेश्वर पाहिलेलं पोर,
त्याला दगड दिसला की छिन्नी आठवते.
"कुनी न्हाई. दगड पातळ व्हता तवा वाहून गेला.
ही ऱ्हायलेली जागा."

मग त्यानं सगळ्या बॅटऱ्या बंद करायला लावल्या.

डोळे उघडे आहेत की मिटलेले,
मी बोट लावून पाहिलं.
कुणी बोलेना. नुसते श्वास.
वहिनींची धाप, ईशानचं चोंदलेलं नाक,
माझा स्वतःचा,
एकेक वेगळा करत गेले
तर दहा भरले.

पुन्हा मोजले. दहा.

घरी अजून मी एक ताट जास्त घेते,
मग मांडणीत परत ठेवते.
इथं काही परत ठेवावं लागलं नाही.
मी तशीच उभी राहिले, बॅटरी लागेपर्यंत.

उन्हात आल्यावर पुन्हा बोट, पुन्हा खांदे.
"नऊ भायेर. बरूबर."
"आणि तुम्ही, मामा?"
"मला कशापायी मोजायचं? मी हितलाच."

ईशानला पटलं नाही.
त्यानं दोऱ्याचं पेन ओढलं
आणि नवाच्या पुढे कोंडीबासाठी एक उभी रेघ मारली.

कोंडीबानं वही लांब धरली, जवळ धरली,
मग दात नसलेलं हसला:
"एक्क्याण्णव! आता सायेब इचारंल,
बाकीचे ब्याऐंशी आत काय करत्यात?"

सगळे हसत उतरायला लागले.
मी वळून एकदा पाहिलं.