दुसरा कुठे आहे

पहिला पडतो. म्हणजे पाडावा लागतो.
दुसरा हुडकावा लागतो.
पिठल्यात पळी फिरावी तशी दांडी फिरते,
मग कुठेतरी तळाशी लागतं, खर्रर्र.
तिसरा मागावा तर पाचवा हजर,
इंजिन गुदमरतं, मागचा ट्रकवाला हॉर्नवर बसतो.
त्र्याहत्तरची गाडी, हळदीच्या रंगाची, दोन माणसांपुरती.
इंजिन पाठीशी, गिअरबॉक्स त्याच्याही मागे,
दांडी इथे पुढे, माझ्या हाताखाली,
आणि दोघांच्या मधे एक लांबलचक नळी,
जिच्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं.

श्टुटगार्टच्या मेकॅनिकने वाकूनसुद्धा न बघता सांगितलं,
गिअरबॉक्स उतरवा. साडेतीन हजार युरो.
बाबा स्टुलावर होते. म्हणाले, "चमचा."
मेकॅनिक हसला नाही, एवढं बरं केलं त्याने.

फेब्रुवारीपासून हे असं आहे.
उजवा हात मांडीवर,
कुणीतरी बसमध्ये विसरलेल्या हातमोज्यासारखा.
घड्याळाला बटाटा म्हणतात,
मला, उलरीकेला, हाक मारतात मेलेल्या आत्याच्या नावाने,
आणि शेजारच्या हेफलेबाईंना मात्र दर वेळी खणखणीत
"हेफलेबाई".
याचा मला राग येतो. सांगून ठेवते.

शनिवारी मीच सीट काढली.
चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस
स्टूल सरकवत सरकवत जवळ आला
आणि डाव्या हाताने मागच्या पत्र्यावर ठोकलं. टक टक.
गालिचा उचलला.
नळी जिथून पत्र्याच्या पलीकडे जाते
तिथला प्लॅस्टिकचा बुश साबुदाण्यासारखा भुगा होऊन पडलेला.
चार युरो साठ सेंट.
नवा बुश चहाच्या किटलीत उकळून मऊ केला
(किटली आईची होती, तिला हे आवडलं नसतं),
अंगठे भाजत भोकात बसवला, ग्रीस चोपडलं.
दांडी हलवली.
थोडं कमी पिठलं. पण पिठलंच.

"चमचा," बाबा म्हणाले.
मी पाना दिला. ढकलला.
स्क्रू-ड्रायव्हर दिला. ढकलला.
शेवटी वैतागून खराच चमचा आणला स्वयंपाकघरातून,
तर त्यांनी तो माझ्या हातात उलटा केला,
त्याच्या पोटात मूठ ठेवली
आणि मूठ गोल फिरवली.

वाटी.
दांडीच्या तळाशी गोळी असते, गोळी बसते ती वाटी.
वाटी म्हणायचं होतं त्यांना,
श्टुटगार्टमध्येसुद्धा. हात शेजारच्या खणात गेला, इतकंच.
खोलली, तर वाटीचं अस्तर कागदाएवढं झिजलेलं,
एका बाजूने आरपार.

नवं अस्तर यायला नऊ दिवस लागले.
मग गाडी दुसऱ्यात अडकवून ठेवली,
कॉलर सैल केली, बाबांनी दांडी सरळ धरली,
एक डोळा मिटून, लेथवर धरायचे तशी,
"बस" म्हणाले का "बर्फ" म्हणाले,
मी आवळून टाकलं.

रिव्हर्स अजूनही पडत नाही.
हेफलेबाईंच्या नातवाने ढकलून गाडी गल्लीत काढली,
आणि तोंड ज्या दिशेला होतं त्या दिशेला आम्ही निघालो,
द्राक्षमळ्यांच्या चढावर, खाली नेकार, वर ढग.
पहिल्यात इंजिन ओरडायला लागलं.
मी क्लच दाबला, हात दांडीकडे नेला,
तर तिथे आधीच एक हात होता.
शेजारच्या सीटवरून डावा, तेलकट, सुरकुतलेला.
त्याने शोधलं नाही काही.
वर सरकवला. टक्.

पुढच्या वळणापासून आम्ही दोघं चालवत होतो,
पाय माझे, गिअर त्यांचे.
मी क्लच दाबायला उशीर केला की
ते माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे,
"बटाटा."
बरोबर होतं. वेळच चुकत होती माझी.