आष्टीच्या पुलापर्यंत

ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा आहेत माझ्याकडे.
एकीला तीन ठिगळं,
दुसरीला एकच, पण ते व्हॉलच्या बुडाशी,
म्हणजे भरवशाचं नाही.
बांबू रूपचंदच्या वाडीतला. ताटी विणून देतो म्हणाला,
मंडई आटोपली की.

मंडई कधी आटोपते?
त्याला यंदा नाटकात इन्स्पेक्टरचं काम आहे,
चार गावांत चार रात्री,
आणि चिकटवलेली मिशी तो दिवसाही काढत नाही.

तारीख तरी धरून ठेवू.
धान कापून झालं,
नदी गढूळपणा टाकून हिरवी व्हायला लागली
की पुढचे दहा-बारा दिवस.
तेवढ्यातच बोद वर चढतो, कवडूकाका सांगतात,
खडकाच्या आड थांबतो धारेकडे तोंड करून,
वसुलीला आलेल्या माणसासारखा.
हलत नाही.

काकांना आता समोरचा माणूस आवाजानं कळतो.
पण नदी विचारली की माझा हात ओढून घेतात,
कोपराकडून मनगटाकडे बोट नेतात हळूहळू:
"हा हत्तीगोटा. डावीकून जाजो.
हा डोह, दोन बांबू खोल. इथं बोलजो नोको.
इथं रेती. भात इथं शिजवजो."
मग बोट अडतं
सोल्युशनच्या भट्टीनं भाजलेल्या जुन्या डागावर.
"हे नोहोतं इथं."
बंधारा आहे तो, काका, मी म्हणतो.
खोटं नव्हतं. बोट नेमकं तिथंच होतं.

म्हणजे तिथं उतरायचं,
ताटी डोक्यावर घ्यायची, ट्यूबा खांद्यावर,
आणि पलीकडे पुन्हा पाण्यात.
शंभर पावलं की चारशे, कुणी मोजलेली नाहीत.

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून ठेवलंय:
मीठ. लाखोळीची डाळ. वांगी सहा.
गरी, आठ नंबरच्या, वडशावरून.
दोर. अजून दोर.
रूपचंदनं खाली लिहिलंय, टॉर्च,
आणि त्याच्याखाली, नाटकातल्या सहीनं, मोहाची एक बाटली.
झिंगे गळाला लावायला जाईबाईकडून घेऊ,
त्या आदल्या रात्रीचे ओले राखून ठेवतील.

जाईबाई आल्या होत्या काल, सायकलमध्ये हवा भरायला.
कॅलेंडर वाचलं उभ्या उभ्या,
मासळीच्या टोपल्यावरचं फडकं नीट केलं
आणि विचारलं, "येता कसे?"
कुठून?
"आष्टीवरून. नदी तं तिकडंच जाते."

तीन वर्षं आखतोय आम्ही.
हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मग दुकानात बराच वेळ गलका झाला.
एक मोटारसायकल आधी नेऊन पुलाखाली ठेवायची,
तर तिच्यावर ताटी बसत नाही.
ताटी तिथंच विकून टाकायची,
तर आष्टीत ताटी कोण घेतो?
छोटा हत्तीवाला भाड्याचा आकडा सांगून
स्वतःच हसला.
काकांना विचारलं, तुम्ही काय करत होता?
"ओढत आणू ना डोंगा. नऊ दिवस.
चौघं काठानं, एक आत."
आत कोण, हे त्यांनी सांगितलं नाही,
पण पाय लांब केले.

यंदाही जाऊ की नाही, माहीत नाही.
रूपचंदची अजून एक रात्र बाकी आहे,
आणि ज्या गावी आहे
तिथून लोक दुसऱ्या दिवशीही त्याला सोडत नाहीत.

आज गिऱ्हाईक कमी होतं.
व्हॉलजवळ ठिगळ असलेली ट्यूब फुगवली,
अर्ध्या कापलेल्या ड्रममधल्या पाण्यात
दोन्ही हातांनी दाबून धरली
आणि वाट पाहिली.
एक बुडबुडा आला.
ठिगळातून नाही.
दुसरीकडूनच कुठून तरी.
हात तसेच ठेवून मी खाली वाकलो.